६ ऑगस्ट १९९८ : श्रीकृष्ण अहवाल विधिमंडळात

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये झालेल्या दंगलींत ९०० जणांचा बळी गेला. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल या दिवशी विधिमंडळात मांडला गेला. ३१ पोलिसांवर ठपका होता, खात्यातल्या पूर्वग्रहावरही बोट होते. शिवसेना-भाजप युती सरकारने १९९६ मध्ये आयोग गुंडाळून पुन्हा नेमला होता. निष्कर्ष मात्र फेटाळले.

मुंबईतल्या दंगलींच्या काळात भिवंडी मात्र शांत राहिली, आणि हे जास्त सांगण्यासारखे आहे. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींत होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. हवालदार आणि दोन्ही समाजांतले शेजारी एकाच सतरंजीवर! आपल्या खामगाव-मलकापुरात शांतता समितीची बैठक भरते ती सणांच्या तोंडावर, ठाण्यात. भिवंडीत ती मोहल्ल्यातच बसे, सण असो वा नसो.