मुंबईची ट्राम
मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी अशी धावली. ती घोडे ओढत आणि ती चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीच्या तबेल्यांत तब्बल ९०० घोडे होते. सुरुवातीचे तीन आणे भाडे १८९९ पर्यंत एका आण्यावर आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली, १९२० मध्ये दुमजली आली. उत्तरेकडे रूळ दादरपर्यंत पोहोचले. तिथल्या ट्राम टर्मिनसमुळे खोदादाद सर्कल परिसर आजही दादर टीटी म्हणून ओळखला जातो. १९४७ मध्ये ट्रामचा कारभार महापालिकेकडे आला. पुढे बसगाड्या वाढल्या, रस्ते अपुरे पडले आणि एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी झाली.