पीक, परवाना आणि ठासणीची बंदूक

नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. अकोला-अमरावतीच्या काळ्या रानात तूर, हरभरा हाताशी आला की रोह्यांचे कळप उतरतात, रानडुकरे उभे पीक लोळवतात आणि शेतकरी माळ्यावर जागल करीत बसतो. गेल्या हिवाळ्यात भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवून विचारले, “मामा, शेतासाठी यातली कोणती सेमी-ॲटोमॅटिक घ्यावी?” प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी शे-दीडशे वर्षांचे कायदे चाळावे लागले.

आधी बंदुकीविषयी. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराची अशी बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. बार उडताच धक्क्याने नळी मागे सरते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे आपोआप चढते. नेम न मोडता पाच बार काढता येतात. उडत्या बदकांच्या थव्यासाठी ही सोय फार मोठी; इतकी मोठी, की पक्षी घटू लागल्यावर १९३५ मध्ये खुद्द अमेरिकेने स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तीनच काडतुसांची मर्यादा घातली.

आपल्याकडे वाट वेगळी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आला. गोऱ्या साहेबांना त्यातून सूट होती, रयतेला नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यात शेतकऱ्याची दखल दिसते. कलम १३ म्हणते, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा; ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल. मात्र १९६२ च्या नियमांनी अर्धस्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित शस्त्रांच्या पंक्तीला बसवली. म्हणजे भाच्याची निवड तिथेच संपली होती.

ठासणीची बंदूक कशी चालते? नळीच्या तोंडातून दारू, मग बोळा, मग छर्रे. गजाने ठासायचे, टोपी चढवायची, आणि बार एकच. पुन्हा भरेपर्यंत जनावर दोन बांध ओलांडून जाते. पावसाळ्यात दारू ओलावली की तोही बार फुसका. तरी हे हत्यार अगदीच निरुपयोगी नव्हते. जागल्याला बहुधा आवाजच हवा असतो. मुडदा नको असतो.

पुढचा टप्पा १९७२ चा. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार परवान्यापुरती उरली आणि १९९१ च्या दुरुस्तीने तीही जवळजवळ बंद झाली. मधल्या काळात, १९७३-७४ मध्ये, मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. या कायद्यात फास लावणे हीसुद्धा शिकारच. त्यामुळे ज्यांच्या नावातच फासा आहे, त्या फासेपारध्यांचा पिढीजात धंदा गुन्हा ठरला. इंग्रजांच्या काळात जमातीवर शिक्का बसला होता, आता पोटावर बसला. वाघ वाचणे गरजेचे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासात लिहिले पाहिजे.

आणि इथेच गावोगाव घोटाळा होतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. पहिला शस्त्र कायद्याचा कागद, दुसरी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ ची लेखी परवानगी; उभ्या पिकाला धोका असला तरी ती आधी घ्यावी लागते. पहिल्या कागदाच्या भरवशावर दुसरा विसरला, तर पीक वाचवणाराच आरोपी होतो.

भाच्याला मी एवढेच सांगितले: बंदूक निवडण्याआधी कागद समजून घे, आणि नुकसान झाले तर लगेच पंचनामा करून भरपाईचा अर्ज दे. तो म्हणाला, “अर्जानं रोही पळते का, मामा?” याचे उत्तर मला कोणत्याही कलमात सापडले नाही.