लाल किल्ल्यासमोरचं मैदान

दर 15 ऑगस्टला लाल किल्ल्यासमोरची मोकळी जागा तुम्ही टीव्हीवर पाहता. 2003 च्या डिसेंबरपर्यंत किल्ल्यात लष्कराचा तळ होता. कॅप्टन असताना मीही तिथे राहिलो. तटावरून बघताना फौजी मनाला बरं वाटायचं. समोर शत्रूला आडोसा नाही! तो आडोसा म्हणजे लोकांची घरं होती, हे मी निवृत्तीनंतर वाचलं.

शहाजहानच्या काळापासून तिथे दाट वस्ती. खास बाजार, उर्दू बाजार, हवेल्या, अकबराबादी मशीद. चांदणी चौक किल्ल्याच्या दारालाच भिडलेला. 1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी तटापासून सुमारे साडेचारशे यार्डांपर्यंतची वस्ती पाडली. तोफांना मोकळा मारा हवा होता. (त्यांच्या जागी मी असतो तर? नकाशावर मीही तीच रेघ मारली असती.) बल्लीमारानमध्ये राहणाऱ्या गालिबच्या पत्रांत या मोडतोडीचं दुःख जागोजागी आहे. 1867 मध्ये रेल्वे आली, तीही सलीमगड चिरून.

2021 पासून चांदणी चौकात दिवसा मोटारी बंद आहेत. दिल्लीला गेलात तर किल्ल्याकडे तोंड करून चाला. जैनांच्या लाल मंदिरापाशी बाजार संपतो. तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत पावलं मोजा.