उपज आणि तिची तयारी : अरबांच्या ऊदाची कथा

जें आयत्या वेळीं स्फुरतें तेंच अस्सल, आणि जें आधीं घोटून ठेविलें तें बेगडी, असा एक समज संगीताच्या रसिकांत फार दिवसांचा रूढ आहे. ह्या समजाची परीक्षा पाहावयाची असेल तर अरबांच्या ऊद ह्या वाद्याकडे वळावें. ऊद म्हटला कीं आपल्या वाचकांस धूप आठवेल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ लांकूड एवढाच आहे, आणि वाद्यासही तेंच नांव मिळालें. फुगीर पोट, आंखूड मान, मागें मुरडलेला खुंट्यांचा भाग, बहुधा पांच जोडतारा व एक एकेरी तार. पडदे मुळींच नाहींत. त्यामुळें रास्त नांवाच्या मकामांतील तिसरा स्वर, जो आपल्या कोमल व शुद्ध गंधारांच्या दरम्यान कोठें तरी वसतो, तो वादकास बोटानेंच शोधावा लागतो.

ह्या वाद्यावर एकट्यानें, बहुधा तालावांचून, मकामाचा जो विस्तार करितात त्यास तक्सीम म्हणतात. तक्सीम म्हणजे वांटणी. आपल्या जुन्या वतनी कागदपत्रांतील ‘तक्षीम’ ती हीच. मकाम हा तीन ते पांच स्वरांच्या लहान गटांचा बनलेला असतो; अशा गटास जिन्स म्हणतात. वादक प्रथम खालच्या जिन्सांत घर करितो, आंखूड वाक्यें बोलतो, आधारस्वरावर येऊन थांबतो. ह्या थांबण्यास ‘कफ्ला’ म्हणतात, आणि तो साधला कीं जाणता श्रोता आपण होऊन दाद देतो. मग रास्तांत पंचमावरील जिन्स, तेथून बयाती किंवा हिजाज ह्यांकडे एखादी वाट, वरच्या षड्जापर्यंत चढण, आणि पुन्हा घर. ह्या मार्गास ‘सैर’ असें नांव आहे. शागीर्द रोज घोटतो तें हेंच : एका जिन्सांतून दुसऱ्यांत शिरण्याच्या वाटा, आणि एकाच कफ्ल्याचीं निरनिराळीं रूपें. मैफलींत कोठें किती रेंगाळावें, हें मात्र त्या घटकेवर सोडलेलें असतें. आलापाची संवय असलेल्या कानास ह्यांत नवल वाटूं नये.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ग्रामोफोन कंपन्या कैरोंत पोंचल्या. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत निघावयाचें, हिंडावयाचें व परतावयाचें. ह्यामुळें आराखडा अधिक आटोपशीर झाला, ही तक्रार आम्हांस फारशी पटत नाहीं. आटोपशीरपणा हा कांहीं दोष नव्हे. खरा फरक निराळाच पडला. एकदांच ऐकावयाची वस्तु आतां शंभरदां ऐकतां येऊं लागली, आणि जें एका सायंकाळचें होतें तें तोंडपाठ करितां येऊं लागलें. वाटेऐवजीं पावलेंच पाठ होऊं लागलीं.

1932 सालीं कैरोस राजे फुआद ह्यांच्या आश्रयाखालीं अरबी संगीताची परिषद भरली. बार्टोक व हिंडेमिथ हे युरोपीय संगीतकारही तीस आले होते. सप्तकाचे 24 समान भाग करावे कीं काय, ह्यावर खल झाला व एकमत झालें नाहीं. शंभरांहून अधिक तबकड्या मात्र निघाल्या, आणि आमच्या मतें चर्चेपेक्षां त्याच अधिक मोलाच्या ठरल्या.

पुढचें पाऊल बगदादेंत पडलें. 1936 सालीं निघालेल्या तेथील संगीतशाळेंत शरीफ मुहीउद्दीन हैदर ह्यांनीं ऊद शिकविला. हे 1892 सालीं इस्तंबूलास जन्मलेले गृहस्थ चेलोवादनांतही निष्णात होते. त्यांनीं ऊदासाठीं लिहून काढलेले अभ्यास रचिले आणि डाव्या हातास मानेच्या वरच्या भागांत फिरावयास लाविलें. त्यांचे शिष्य जमील बशीर व त्यांचे धाकटे बंधु मुनीर. मोसूलच्या ह्या मुनीर बशीरांनीं तक्सिमेस गाण्याच्या प्रस्तावनेच्या जागेवरून उठवून स्वतंत्र मैफलीच्या आसनावर बसविलें. श्रोत्यांचा गलका न होतां शांतता असावी, अशी त्यांची धारणा. जुन्या मंडळींस हें पाश्चात्त्य व थंड वाटलें. गलक्याबरोबर कफ्ल्याची तत्काळ मिळणारी पारखही गेली, हें त्यांचें म्हणणें आम्हांस खोटें वाटत नाहीं. तथापि लिखित अभ्यासानें उपज मारली, हा आरोप टिकत नाहीं. त्या अभ्यासांनीं बोटें घडविलीं, वाक्यें दिलीं नाहींत. लांबलेल्या शांततेंत एकाच स्वरावर थबकून पुढील वाट उघडी ठेवण्याचें मुनीर ह्यांचें धैर्य कोणत्याही पुस्तकांतून आलेलें नाहीं.

मुनीर 1997 सालीं बुडापेस्ट येथें वारले. त्यांच्या तक्सिमा आज विद्यार्थी ध्वनिमुद्रणावरून स्वरन्स्वर उतरवून वाजवितात, थबकण्याच्या जागांसकट.