संगणक प्रणालींचे स्थित्यंतर आणि मराठी अक्षर : मुंबईच्या मुद्रणव्यवसायाच्या संदर्भात

प्रस्तावना

एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर जाणे ही सामान्यतः तांत्रिक बाब मानली जाते. यंत्र बदलते, पडदा बदलतो, परंतु लिहून ठेवलेला मजकूर तोच राहतो, असे गृहीत धरले जाते. इंग्रजीच्या बाबतीत हे गृहीतक बव्हंशी खरे ठरले. मराठीच्या बाबतीत मात्र प्रणाली बदलताना मजकुराचेच अंतरंग बदलत गेले. संगणकात अक्षर नेमके कोठे राहते, या प्रश्नात त्याचे कारण दडलेले आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील मुद्रणव्यवसायाच्या संदर्भात डॉस, विंडोज व लिनक्स या प्रणालींमधील स्थित्यंतराचा या दृष्टीने मागोवा घेतला आहे.

खिळ्यांकडून संगणकाकडे

जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेव्हापासून काळबादेवी-गिरगाव हा परिसर देवनागरी मुद्रणाचे प्रमुख केंद्र ठरला. पुढे गिरगावातील खटाववाडीत मौजेने हीच परंपरा चालवली. खिळ्यांच्या काळात पुस्तक छापून झाले की जुळवलेली पाने सोडून खिळे पुन्हा खणांत टाकले जात. मागे उरे ते फक्त छापील पुस्तक. पुनर्मुद्रणासाठी बहुधा नव्याने जुळणी करावी लागे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑफसेट व संगणकीय अक्षरजुळणी आली आणि जुळाऱ्याची जागा डीटीपी ऑपरेटरने घेतली. गिरगाव व दादरचे प्रकाशक, तसेच लालबाग व लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींतील छापखाने यांच्या हाती प्रथमच एक नवी मालमत्ता आली. ती म्हणजे संगणकातील फाइल. एकदा जुळवलेले पुस्तक आता कायमचे जपले जाईल, अशी अपेक्षा त्यामुळे निर्माण झाली.

डॉस ते विंडोज : एक पाऊल मागे

डॉस प्रणालीला देवनागरी ठाऊक नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान उपयोगी पडले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला. इस्कीमध्ये ‘क’ या वर्णाला एकच निश्चित क्रमांक होता. त्याचे रूप कसे दिसावे हा वेगळा प्रश्न होता.

विंडोज व पेजमेकर आल्यावर पानाची मांडणी सुलभ झाली, परंतु या बाबतीत उलटा प्रवास घडला. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या पॅकेजांच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे उपलब्ध होती. रोमन अक्षरांच्या त्या घरांत देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, अर्धी अक्षरे व जोडाक्षरे, बसवले गेले. कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे ठरवले. परिणामी संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी राहिलाच नाही. ती मराठीसारखी दिसणारी रोमन चिन्हांची रांग झाली. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक अक्षरे दिसत. शोध घेणे वा अकारविल्हे लावणे शक्य नसे. खिळे ज्याचे, अक्षर त्याचे, ही छापखान्यातील जुनी स्थिती नव्या रूपात परतली.

अक्षर प्रणालीत आले

२००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये मराठीला प्रणालीतच स्थान मिळाले. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट तिच्यासोबत आला. १९९१ पासून युनिकोडमध्ये असलेली देवनागरी आता सर्वसामान्य संगणकावर वापरता येऊ लागली. याच सुमारास मुंबईत जुहूच्या एनसीएसटी संस्थेत, तसेच इंडलिनक्स या प्रकल्पात लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचे काम चालू होते. एकाच संकेतप्रणालीमुळे विंडोजवर लिहिलेला मराठी मजकूर लिनक्सवर जसाच्या तसा वाचता येऊ लागला.

मुद्रणव्यवसायात मात्र हा बदल सावकाश झाला. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. तिला युनिकोडमधील देवनागरी उमगत नव्हती. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत झाली. मधल्या काळात लेखकाचा युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करून पाने लावावी लागत. या रूपांतरात रफार सरकणे, जोडाक्षर तुटणे असे दोष शिरत आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागे.

युनिकोडनेही सर्व प्रश्न तत्काळ सुटले नाहीत. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोपर्यंत ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जाई. त्यामुळे डोळ्यांना सारखा दिसणारा एकच शब्द संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द ठरतो, आणि ग्रंथसूचीत एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे रूप निसटू शकते.

निष्कर्ष

यावरून असे दिसते की, मराठीच्या दृष्टीने निर्णायक स्थित्यंतर डॉस ते विंडोज किंवा विंडोज ते लिनक्स हे नव्हते. अक्षर खाजगी फाँटमधून सामायिक प्रणालीत आले, हे खरे स्थित्यंतर होय. विंडोज एक्सपीची सेवा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा प्रत्येक टप्प्यावर युनिकोडमधील मजकूर सहज पुढे जातो. १९९० ते २०१० या दोन दशकांतील जुन्या फाँटमधील मजकूर मात्र मागे राहण्याचा धोका असतो. त्यात प्रकाशकांची पुस्तके आहेत, तशीच महाविद्यालयांची वार्षिके व एम.फिल.चे प्रबंधही आहेत. जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी अशा फाइलींचा फाँट नोंदवून, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून छापील प्रतीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. खिळे वितळले तरी छापील पुस्तक उरत असे. ज्या मजकुराची छापील प्रत नाही, त्याला फाइलीखेरीज दुसरा आधार नाही.