जव्हार-मोखाड्यात वाइनची द्राक्षे लावावीत का?

दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा भागातली बरीच कुटुंबे नाशिककडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. ऑक्टोबर छाटणी, काडीला पेस्ट लावणे, फेलफुटी काढणे, घडांची विरळणी ही कामे त्यांच्या हातात बसलेली आहेत. त्यामुळे ‘हे आपल्याच वरकस जमिनीत का करू नये?’ हा प्रश्न येतोच. त्यात वाइन कंपन्यांच्या बातम्या आणि रोपे विकणाऱ्यांचा आग्रह यांची भर पडते. खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी तपासून घ्याव्यात.

नाशिकला जमते, इथे का अवघड?

नाशिक पट्ट्यात सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां, शिराज, काबर्ने सोव्हिन्यॉं या वाणांची लागवड आहे. वेलीच्या वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार केली जाते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि जानेवारीअखेर ते मार्चपर्यंत तोडणी चालते. दिंडोरी, निफाडकडे पाऊस कमी, तर आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर, तोही मुख्यतः चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये पाने सतत ओली राहिली, की केवडा (डाउनी) आणि करपा आवरत नाही. पाने गळाली म्हणजे काडी पक्व होत नाही, आणि कच्च्या काडीवर ऑक्टोबरमध्ये घड निघत नाहीत.

यावर ‘इगतपुरीकडेही पाऊस आहे, तिथे बागा कशा?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तिथल्या अशा बागांना धरणाचे पाणी, फवारणीची यंत्रणा आणि मोठे भांडवल यांचा आधार असतो. आपल्याकडची खरी अडचण पावसापेक्षा उन्हाळ्याची आहे. खरड छाटणीनंतर पहिले दोन महिने, म्हणजे एप्रिल-मे, वेलीला पाणी लागते. याच काळात काडीत पुढच्या हंगामाच्या घडाची जडणघडण होते. मोखाड्यातल्या अनेक पाड्यांवर नेमके याच महिन्यांत पिण्याचे पाणी टँकरने येते. मे अखेरपर्यंत टिकणारे स्वतःचे पाणी नसेल, तर इथेच विचार थांबवावा. पाणी असले तरी दहा-वीस गुंठ्यांपेक्षा जास्त लावू नये, असे माझे मत आहे.

बाजाराची बाजू

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिकमध्ये वायनरी वाढल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली. करारावर लावलेली द्राक्षे उचलली गेली नाहीत, अनेकांनी वेली काढून खाण्याची द्राक्षे लावली. हे विसरू नये, कारण वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे असते. कंपनीने नाकारले तर ते गावच्या बाजारात खपत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीचा निर्णय झाला, पण विरोधानंतर तो रखडला. वाइनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परताव्याची योजना २०२४ मध्ये पुढे चालू ठेवण्यात आली. मात्र हा परतावा उत्पादक कंपनीला मिळतो, द्राक्ष विकणाऱ्याला नाही. करार करताच असाल, तर किती ब्रिक्सला काय दर, माल नाकारल्यास नुकसान कोणाचे, वाहतूक कोणाची आणि पैसे किती दिवसांत, हे चारही मुद्दे लेखी असावेत. तोंडी शब्दावर रोपे लावू नयेत.

आपल्या डोंगरावरचे फळ

वाइन फक्त द्राक्षाचीच होते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला हिल झिल वाइन्सने चिकूपासून पेय बनवले आहे. जव्हार-मोखाड्यासाठी जवळचे फळ म्हणजे जांभूळ. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही जात उपलब्ध आहे.

जांभळाच्या रसाचा ब्रिक्स साधारण १० ते १४ असतो. वाइनला २० ते २२ लागतो, म्हणून वायनरी साखर मिसळते. त्यामुळे इथे गोडीपेक्षा फळ पूर्ण पिकलेले, गर्द रंगाचे आणि स्वच्छ असणे महत्त्वाचे. जमिनीवर पडलेले, माती लागलेले फळ आंबते व सगळा क्रेट बिघडवते. झाडाखाली जाळी बांधावी, सकाळी तोडणी करावी आणि उथळ क्रेट वापरावेत. साध्या तापमानाला फळ एक-दोन दिवसच टिकते. जव्हारहून नाशिक ८० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्याच दिवशी पोहोचवता येते. पण गाडी भरेल इतका माल एका पाड्यातून निघत नाही. गट करून एकाच दिवशी तोडणी ठरवावी लागेल. सगळ्यात कठीण भाग हाच आहे, कलमे लावणे त्या मानाने सोपे. घेणारी वायनरी मिळाली नाही, तरी ताजे जांभूळ मुंबईच्या बाजारात विकते. वाइनच्या द्राक्षाला ही सोय नाही.

फळांची किंवा मोहाची वाइन घरी करून विकण्याचा विचार मात्र करू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार उत्पादन व विक्री दोन्हींसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तुम्ही फळ विका.

लागवड करायची असल्यास

बियांच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षे जातात, कलमाला चार-पाच. विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच कलमे घ्यावीत. एप्रिल-मेमध्ये १० × १० मीटर अंतरावर १ × १ × १ मीटरचे खड्डे खणून तापू द्यावेत, शेणखत व मातीने भरावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर कलमे लावावीत. सुरुवातीची वर्षे मधल्या जागेत नागली, वरई किंवा उडीद नेहमीप्रमाणे घेता येतो. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक कलमाला मडक्याने तरी पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती गवताचे आच्छादन ठेवावे. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट दिसताच काढावी. ती वाढू दिली, तर वरचे कलम मरते आणि पाच वर्षांनी हाती रानजांभूळ येते.