इनामगाव: दुष्काळाने उठलेले गाव आणि आजचे पीक नियोजन

दुष्काळाने गाव उठते ते एका वर्षात नाही. आधी पीक बदलते, मग जनावरे, मग घर आणि शेवटी माणूस बाहेर पडतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले.

भरभराटीचा काळ

इ.स.पू. 1600 च्या सुमारास येथे शेतकऱ्यांची वस्ती झाली. जव (सातू) हे मुख्य पीक होते. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ ही पिके होती. इ.स.पू. 1400 ते 1000 या काळात चौकोनी घरे, धान्याचे कोठार, पुराच्या पाण्यासाठी बांध आणि पाट अशी व्यवस्था उभी राहिली.

उतरती कळा

इ.स.पू. 1000 च्या सुमारास जोर्वे संस्कृतीची उत्तरेकडील बहुतेक गावे ओस पडली. इनामगाव टिकले, पण हलाखीत. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. गव्हाचे प्रमाण घटले, शिकारीवरचे अवलंबन वाढले. पाऊसमान कमी होत गेल्याने लोक शेतीकडून शेळ्या-मेंढ्या पाळून भटकण्याकडे वळले, असा निष्कर्ष उत्खनन करणारे डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडला. काही अभ्यासक इतर कारणेही देतात. इ.स.पू. 700 च्या सुमारास गाव उठले.

आपण काय घ्यावे?

इनामगावच्या लोकांकडे बांध होता, पाट होता, कोठारही होते. मात्र पाटात पाणी येण्यासाठी आधी नदीला पाणी यावे लागते. आज अवर्षणप्रवण भागात बोअरच्या भरवशावर ऊस लावताना हे लक्षात ठेवा.

- लागवडीपूर्वी विहिरीतील उपलब्ध पाणी पाहा. पीक त्यानुसार ठरवा.
- सगळे क्षेत्र एकाच बारमाही पिकाखाली ठेवू नका. काही क्षेत्र रब्बी ज्वारी, हरभरा, करडई यांसाठी राखा.
- रब्बी ज्वारीचा वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडा: हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, भारी जमिनीत फुले वसुधा.
- पावसाळ्यातच उताराला आडवी मशागत करून वाफे पाडा. पाणी रानातच मुरू द्या.
- पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर दरम्यान करा. वेळेवर कोळपण्या करून जमिनीच्या भेगा बुजवा.
- चाऱ्याचा साठा पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल असा ठेवा.

पीक बदलायचेच असेल, तर विहिरीत पाणी असतानाच बदला. विहीर आटल्यावर निवड आपल्या हातात राहत नाही.